कापडाची जमीन

सुप्रभाचं बोट घसरलं. घसरलं म्हणजे तसं काही फार नाही. तांदळाचा दाणा आडवा पडला तर जेवढी जागा अडवील तेवढंच ते कागदावरून खाली उतरलं आणि पलीकडे पुन्हा कागदावर चढलं. पण पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं झालं. तिने बोट मागे नेलं, परत पुढे आणलं. परत उतरलं, परत चढलं. दोन वर्षं ती हा नकाशा रोज बघत होती. त्यातल्या नद्या, डोंगराच्या केसाळ रेघा, कोपऱ्यातली चुकीच्या स्पेलिंगची गावं, सगळं तिला तोंडपाठ होतं. ते सगळं पडद्यावर. आज, गुरुवारी सकाळी, एडिनबरातल्या एका जुन्या दगडी इमारतीच्या तळघरात ती त्याला पहिल्यांदा हात लावत होती, आणि तोही उघडा हात. हातमोजे घालायचे नाहीत, घातले तर बोटांना कागद कळत नाही आणि मग तो फाटतो. साबणाने धुतलेले, कोरडे केलेले हात हवेत, असा मॉरव्हेनचा नियम होता. मॉरव्हेन म्हणजे या तळघराची राखणदार. साठीची बाई, बोलायला कमी, आणि नियमांच्या बाबतीत देवळातल्या पुजाऱ्याहून कडक.

"हा कापलेला आहे?" सुप्रभाने विचारलं.

"अर्थात कापलेला आहे," मॉरव्हेन म्हणाली. "तेव्हा तसंच करायचे. अखंड कागदाचे चौकोनी तुकडे करायचे आणि मधे थोडी थोडी फट ठेवून कापडावर चिकटवायचे. घडी घालून घोड्याच्या खोगिरात ठेवता यायला हवा ना. फट नसेल तर घडीवर कागद मोडतो."

"पण स्कॅनमध्ये ही फट नाही."

"स्कॅन मी केलेला नाही," मॉरव्हेन म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने विषय संपला.

सुप्रभाच्या दृष्टीने तो आत्ता कुठे सुरू होत होता. दोन देश होते. त्यांची नावं ऑफिसात घ्यायची नाहीत असा करार होता, म्हणून सगळे त्यांना पूर्व आणि पश्चिम म्हणत, आणि दोन वर्षांत तिला मनातल्या मनातही ती खरी नावं घ्यायची सवय राहिली नव्हती. दोन्हीकडे कधीकाळी वेगवेगळ्या गोऱ्या साहेबांचं राज्य होतं. त्या साहेबांनी एका स्कॉटिश मोजणीदाराला तिथे पाठवलं, त्याने नकाशा काढला, त्यावर पट्टी ठेवून उभी लाल रेघ ओढली, आणि ही रेघ म्हणजे सीमा असं ठरवून साहेब आपापल्या घरी गेले. रेघ दोन्ही देशांना मान्य होती. ती जमिनीवर नेमकी कुठे येते, हे मात्र मान्य नव्हतं. त्यावरून राजदूत परत बोलावून झाले, डोंगरावर सैन्य चढवून झालं, गोळ्या झाडून झाल्या. शेवटी दोघांनी थकून हे काम तिऱ्हाइताकडे दिलं, आणि जुने नकाशे आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवणाऱ्या ज्या फर्ममध्ये सुप्रभा होती, तिथे ते तिच्या टेबलावर येऊन पडलं. मूळ नकाशा त्या मोजणीदाराच्या वंशजांच्या घरात, दूर हायलँड्समध्ये. ते लोक तो हातातून सोडायला तयार नव्हते. त्यांनी स्कॅन पाठवला होता. उद्या सह्या व्हायच्या, त्या मूळ नकाशाच्या साक्षीने व्हाव्यात अशी दोन्ही मंत्र्यांची हौस, म्हणून आता कुठे तो इथे आला होता. स्कॅन करणाऱ्या कुणा हुशार माणसाने त्या फटींना सुरकुत्या समजून त्यांचा रंग कागदासारखा केला होता, तुटलेली लाल रेघ जोडून दिली होती, सगळं अगदी स्वच्छ करून दिलं होतं.

तिने वाकून बघितलं. उभ्या फटी होत्या तशा आडव्याही होत्या, आणि लाल रेघ प्रत्येक आडव्या फटीपाशी येऊन थांबत होती. कागद संपला की शाई संपत होती. मधल्या कापडावर लालसर ठिपकासुद्धा नव्हता. म्हणजे मोजणीदाराने अखंड कागदावर रेघ ओढली आणि मग कागद कापला. कापड नंतरचं. कापडावर काहीही नव्हतं, नदी नव्हती, डोंगर नव्हता, तिथे जग नव्हतंच. आणि तिने, तिच्या संगणकाने, दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी, सगळ्यांनी मिळून ते कापड जमीन म्हणून मोजलं होतं. या भागात ओळखू येणारी एकच खूण होती, पूर्वेकडचं उंच शिखर. तिथून पश्चिमेला मोजत मोजत रेघेपर्यंत यायचं. मधे तीन फटी. एक इंचाला चार मैल असं नकाशाचं प्रमाण. तिने खुर्ची ओढली, बसली आणि पुन्हा हिशेब केला. मैलभर जमीन कापडाची होती. रेघ जिथे हवी होती त्याच्या मैलभर पश्चिमेला तिने ती नेऊन ठेवली होती.

त्या मैलात काय होतं हे तिच्याइतकं जगात फार थोड्यांना माहीत असेल. तिथे एका गावाची शेतं होती. गाव खाली पश्चिमेला, दगडी घरांचा पुंजका. शेतं वर पूर्वेला, डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. उद्या जिच्यावर सह्या होणार ती रेघ बरोबर दोहोंच्या मधून जात होती. घरं पश्चिमेची, शेतं पूर्वेची. हंगामाच्या आत कुंपण घालायचं असं मसुद्यात होतं. खरी रेघ शेतांच्या पार वर, जिथे नुसता खडक आहे तिथे जायला हवी होती.

दोन महिन्यांपूर्वी स्थानिकांचं म्हणणं ऐकून घेण्याचा एक उपचार झाला होता. उपचारच तो, मसुदा तेव्हा तयार होता. व्हिडिओ कॉलवर गावातला शाळामास्तर फोन धरून दुभाष्याचं काम करत होता आणि समोर एक बाई बसली होती, डोक्याला फडकं, चेहऱ्यावर उन्हाच्या रेघा. तिला विचारलं की ही शेतं तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसता याला पुरावा काय?  बाई म्हणाली, राख. मास्तरांनी भाषांतर केलं, पण पुढे काय विचारावं ते कुणाला सुचेना. मग तिने सांगितलं की गावात प्रत्येक घराची चूल दुपारी झाडतात आणि राख टोपलीत भरून ऊन उतरताना शेतात नेऊन टाकतात. सासूने नेली, तिच्या सासूने नेली. टोपल्या वेताच्या, त्यांतून राख गळते. त्यामुळे वाट पांढरी आहे. सुप्रभाने तेव्हा सहज म्हणून दुसऱ्या पडद्यावर उपग्रहाचं चित्र उघडलं होतं. घरांपासून शेतांपर्यंत एक फिकट धागा जात होता. तो तिने पूर्वीच पाहिला होता, त्यापुढे "पाण्याचा चर?" असं लिहूनही ठेवलं होतं. तो चर नव्हता. बायकांच्या टोपल्यांतून गळलेली राख आकाशातून दिसत होती. त्या दिवशी तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि नुसती बघत बसली. काहीतरी फार मोठं आपल्याला चुकून दाखवलं गेलं आहे, आपली ते बघायची लायकी आहे की नाही कुणास ठाऊक, असं तिला वाटलं होतं. नंतर बैठक संपली, आणि इतिवृत्तात "राखेचा उल्लेख" एवढे दोन शब्द आले.

तळघरातून बाहेर आल्यावर तिने परीक्षितला फोन लावला. परीक्षित या प्रकल्पाचा प्रमुख, पुण्याचा, तिचा जुना मित्र, मिल्टन कीन्सला राहणारा आणि कायम गाडीत सापडणारा. समुद्रावरून धुकं आलं होतं आणि एडिनबराचा किल्ला अर्धाच शिल्लक राहिला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तिकडून इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत राहिली.

"तू मला हे आत्ता सांगतेयस?"

"मला आत्ताच कळलं रे. स्कॅनमध्ये ती फट दिसतच नाही."

"ओके. एवढी चूक टॉलरन्समध्ये बसते का? बी ऑनेस्ट."

"मैलभर आहे, परीक्षित."

 टिकटिक थांबली. त्याने गाडी कुठेतरी बाजूला घेतली असावी. "हे बघ सुप्रभा," तो म्हणाला, "दोन्ही मिनिस्टर्स ऑलरेडी एडिनबरात आहेत. उद्या ही डील फिसकटली ना, तर परत सगळं फ्रॉम स्क्रॅच. मागच्या वेळी बोलणी मोडली तेव्हा काय झालं ते तू वाचलंयस. दोन्हीकडचं सैन्य वर आलं आणि उभी शेतं जळाली. कोणाची? याच लोकांची. रेघ चुकीची असेल, आय ॲग्री. पण शांतता तर खरी आहे."

"शेतं जाणार आहेत त्यांची."

"शेतं जातील, माणसं राहतील. तसंही बघता येतं." त्याचा आवाज थकलेला होता. परीक्षित काही दुष्ट नव्हता. तिला वाटलं, तो दुष्ट असता तर बरं झालं असतं. "मी तुला साइन ऑफ कर असं सांगणार नाही," तो शेवटी म्हणाला. "करू नकोस असंही सांगणार नाही. सह्यांच्या आधी त्या लोकांना नकाशा दाखवायला तूच आहेस. काय दाखवायचं ते तू ठरव. फक्त नंतर जे होईल ते तुझ्या नावावर लागेल, एवढं लक्षात ठेव."

ती बसने जायची ती चालतच निघाली. धुक्यात माणसं एकदम समोर येत आणि एकदम नाहीशी होत. ती मूळची निपाणीची. ऑफिसात हे कुणाला कळण्याचं कारण नव्हतं, पण परीक्षितला कळलं होतं आणि तो हसून लोटपोट झाला होता. सीमाभागातल्या मुलीला बरोबर सीमेचं काम मिळालं म्हणून. अण्णा, तिचे वडील, दरवर्षी एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून फेरीत जात. त्या फिती आई शिवायची. आई ब्लाउज शिवायची, तेव्हा काळ्या अस्तराचे तुकडे घरात असायचेच. त्यांच्या पट्ट्या कापून ती फेरीतल्या सगळ्यांना द्यायची आणि अण्णांना म्हणायची, परत करा हो, पुढच्या वर्षी लागतील. अण्णा रागवायचे. पुढच्या वर्षी लागायच्या. लहान असताना सुप्रभा आईबरोबर एसटीने कोल्हापूरला जायची, दोरे आणि बटणं आणायला. सीमा, सीमा म्हणतात ती वाटेत लागते हे तिने घरात ऐकलं होतं, म्हणून एकदा ती खिडकीला नाक लावून बसली होती. रंगवलेली रेघ असेल, निदान दगडांची ओळ तरी असेल. तंबाखूची शेतं गेली, मग ऊस आला, पूल आला, आणि कागल आलं. तिने कंडक्टरला विचारलं, मामा, सीमा कुठं हाय? तो तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "आत्ताच गेली की. बघितली न्हाईस?" सगळी एसटी हसली. तिला रडू आलं होतं. एवढी मोठी गोष्ट, अण्णा जिच्यासाठी उन्हात चालतात, ती गेली आणि आपल्याला दिसली नाही, आपलं लक्ष नव्हतं, असं तिला त्या दिवशी वाटलं. पुढे शिकताना, नकाशांच्या नादी लागताना, ती कुठेतरी तीच रेघ शोधत होती का कोण जाणे. अशा गोष्टींचा तिने कधी विचार केला नव्हता. धुक्यात माणूस जरा जास्तच विचार करतो.

आईचं आणखी एक होतं. शिवून झालेला कपडा ती डोळे मिटून तपासायची. सगळ्या शिवणींवरून बोट फिरवायची, आणि कुठे टाका सुटला असेल, कुठे शिवणीत सोडायची कापडाची माया कमी पडली असेल तर बोट तिथे थांबायचं. सुप्रभा विचारायची, बघून का नाही तपासत? आई म्हणायची, डोळ्याला जे हवं तेच दिसतं गं. हे तेव्हा तिला आईच्या नेहमीच्या बडबडीतलं वाटलं होतं. आज धुक्यात ती एकदम थांबली, तेव्हा मागून येणारा एक माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला आणि त्यानेच सॉरी म्हटलं.

घरी उर्वी डायनिंग टेबलवर पाय घेऊन बसली होती. उर्वी तिची मुलगी, सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. नवरा साकेत हॉस्पिटलमध्ये, त्याची संध्याकाळची ड्यूटी. सुप्रभा कोट न काढताच खुर्चीवर टेकली, उर्वीचं ब्लेझर ओढून घेतलं आणि डोळे मिटून त्याच्या शिवणींवरून बोट फिरवू लागली. खांद्याची शिवण, बाहीची शिवण. दोन कापडं जुळतात तिथे बोटाला बारीकसा उंचवटा लागत होता. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

"आई, तू काय करतेस? तो माझी ब्लेझर आहे."

"बघतेय."

"डोळे बंद करून?"

मग सुप्रभाने तिला सांगितलं. करारात बसत नव्हतं, पण देशांची नावं तिने घेतली नाहीत. लॅपटॉप उघडून उपग्रहाचं चित्र दाखवलं. उर्वीने दोन बोटांनी ते मोठं केलं, अजून मोठं केलं. घरं आली, शेतांच्या पायऱ्या आल्या.

"हा व्हाइट लाइन काय आहे?"

"राख आहे. चुलीतली राख बायका शेतात नेतात. टोपलीतून सांडते."

"ॲश? आणि ते स्पेसमधून दिसतो?" उर्वीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुप्रभाने तिच्या लहानपणी पाहिलं होतं, पहिल्यांदा बर्फ पडला तेव्हा. "आई, दॅट्स... किती लोकांनी वॉक केलं असेल."

"हो ना."

"आणि उद्या तू काय करणार?"

"घाबरतेय मी," सुप्रभा म्हणाली. मुलीशी असं बोलायची तिला सवय नव्हती. "मी सांगितलं तर कदाचित परत भांडण होईल. शेतं पेटवतील. नाही सांगितलं तर शेतं तशीच जातील, शांतपणे."

उर्वीने त्या पांढऱ्या धाग्यावरून बोट फिरवलं, घरांपासून शेतांपर्यंत.  मग दोघींनी पास्ता गरम करून खाल्ला.

सकाळी लवकर जाऊन तिने मॉरव्हेनला गाठलं. नकाशावर ठेवायची मोठी काच भिंतीला टेकवून उभी होती, तिच्याकडे बोट करून सुप्रभा म्हणाली, "आज ही काच नको. त्यांना हात लावू द्यायचा आहे." मॉरव्हेनने तिच्याकडे इतकं रोखून बघितलं की आता हाकलून देणार असं सुप्रभाला वाटलं. का म्हणून मॉरव्हेनने विचारलं नाही. तिने स्वतःच्या बोटाने कागदाची एक कड चाचपली, बोट फटीत उतरून बाहेर आलं, आणि काहीतरी तिच्या लक्षात आलं असावं. "हात धुवावे लागतील," एवढंच ती म्हणाली. "सगळ्यांना. मंत्री असोत नाहीतर कोणी."

आणि तसंच झालं. तळघरात एकच बेसिन होतं, थंड पाण्याचं. दोन देश, जे एकमेकांच्या विमानांना आपल्या आकाशातून जाऊ देत नव्हते, ते त्या बेसिनपाशी रांगेत उभे राहिले. पश्चिमेच्या मंत्रीणबाईंनी अंगठ्या काढून रुमालात बांधल्या. पूर्वेचे मंत्री म्हणजे एक म्हातारे गृहस्थ होते, काठी घेतलेले. त्यांनी काठी कुणाकडे द्यावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. पुढे मंत्रीणबाई उभ्या होत्या, त्यांनी ती धरली. मॉरव्हेन टॉवेल घेऊन उभी होती आणि कोरडे झालेले हात उलटसुलट करून तपासत होती. कुणी हसलं नाही. सुप्रभा नकाशाशी उभी राहून हे बघत होती, आणि लग्नाच्या मांडवात ऐन मुहूर्ताच्या आधी होतं तसं तिच्या छातीत होत होतं.

म्हातारे गृहस्थ आधी आले. तिने त्यांना शिखर दाखवलं, लाल रेघ दाखवली. "डोळे मिटा," ती म्हणाली, "आणि इथून इथपर्यंत बोट न्या. सावकाश." त्यांनी तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं, मग डोळे मिटले. बोट निघालं. पहिल्या फटीत ते उतरलं तेव्हा त्यांच्या भुवया हलल्या. ते थांबले, मग पुढे गेले. दुसऱ्या फटीत उतरलं. तिसऱ्यापाशी ते आधीच हळू झाले, अंधारात उंबरा चाचपावा तसे. रेघेपर्यंत पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले नाहीत. उलट बोट उचलून परत शिखरावर ठेवलं आणि पुन्हा सगळा प्रवास केला. 

"या खाली काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कापड."

"आणि तुमच्या मोजणीत?"

"जमीन," सुप्रभा म्हणाली.  "आम्ही जमीन म्हणून धरली. तिन्ही फटी मिळून मैलभर. रेघ मैलभर पूर्वेला हवी. त्या गावाची शेतं पश्चिमेची आहेत. चूक माझ्या हातून झाली आहे, आणि काल सकाळपर्यंत मला ती कळली नव्हती."

म्हातारे बाजूला झाले. मंत्रीणबाई पुढे आल्या, त्यांनीही डोळे मिटले. त्यांचं बोट तिसऱ्या फटीतून वर येईपर्यंत म्हातारे खुर्चीवर बसले होते आणि स्वतःच्या बोटाच्या टोकाकडे बघत होते. जाणार ते त्यांच्या देशाचं होतं. ते आता उठून बाहेर जातील, आणि दारं आपटतील, आणि संध्याकाळपर्यंत डोंगरावर सैन्य चढेल, असं सुप्रभाच्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं. ते उठले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "माझा पुतण्या त्या मैलात गेला." मंत्रीणबाई उभ्याच होत्या, हातात अजून त्यांची काठी. त्या काही तरी बोलल्या, अगदी हळू, आणि दुभाषा शेजारी असूनही त्याने भाषांतर केलं नाही, कारण म्हाताऱ्यांना ते तसंच कळलं होतं. सीमेच्या दोन बाजूंच्या भाषा तशा फार लांबच्या नव्हत्या.

मोठ्या करारावर त्या दिवशी सही झाली नाही. दोन्ही बाजूंचे वकील वरच्या मजल्यावर बराच वेळ आवाज चढवत होते. पूर्वेचा एक तरुण अधिकारी तर तरातरा निघूनही गेला. पण म्हातारे बसून राहिले, म्हणून बाकीच्यांना बसावं लागलं. शेवटी एका छोट्या कागदावर सह्या झाल्या. पुन्हा मोजणी होईपर्यंत कुंपण नाही, सैन्य नाही, आणि गावातून शेतांकडे जाणारी वाट बंद करायची नाही. वाटेचं वर्णन काय लिहायचं यावर वकील अडले तेव्हा मंत्रीणबाई म्हणाल्या, राखेची वाट असं लिहा, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षितचा मेसेज आला: "तुझं नाव दोन्हीकडून आलं माझ्याकडे. कौतुक की तक्रार, अजून कळत नाहीये. घरी जा आता."

शुक्रवार, त्यामुळे उर्वीची शाळा दुपारीच सुटलेली. ती घरी येऊन दाराशीच वाट बघत होती. धुकं उठलं होतं आणि स्वयंपाकघरात ऊन होतं. सुप्रभा लॅपटॉप उघडेपर्यंत त्या गावातून व्हिडिओ कॉल वाजायलाच लागला. मास्तर होते, बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, अर्धवट. मागे ऊन उतरत होतं आणि कोंबड्या ओरडत होत्या. मग पडद्यात ती बाई आली, फडकं तेच.

मास्तर म्हणाले, "ती विचारतेय, शेत कुणाचं ठरलं?"

"अजून ठरलं नाही," सुप्रभा म्हणाली. खोटी आशा द्यायची नाही असं तिने ठरवलं होतं. "पुन्हा मोजायचं आहे. नकाशा तुमच्या बाजूने आहे, पण लोक काय करतील ते मला सांगता येत नाही. वाट मात्र उघडी आहे. त्यावर सह्या झाल्या."

मास्तरांनी सांगितलं. बाई पुष्कळ बोलली, हात हलवून बोलली. मास्तर ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "ती म्हणते, मग आजची नेऊन टाकते."

बाईने टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. मास्तरही फोन समोर धरून तिच्या मागे निघाले. चित्र हलत होतं. घराचा कोपरा गेला, एक कुत्रा मधेच आला आणि गेला. मग वाट लागली. पडद्यावर ती खरोखरच पांढरी होती, उन्हात जराशी चमकतही होती, आणि बाईच्या टोपलीच्या बुडातून अगदी बारीक धार तिच्यावर पडत होती. सुप्रभाने दुसऱ्या खिडकीत आपला नकाशा उघडा ठेवला होता, आणि त्यावर ती चुकीची रेघ अजून होती, लाल, पुसायची राहिलेली. उर्वी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होती. एक मोठा कललेला दगड आला. सुप्रभाला तो दगड माहीत होता, आकाशातून त्याची सावली दिसते. रेघ तिथेच होती.  एवढ्या बायका इथून गेल्या, एवढी राख पडली, आणि कुणी कधी इथे थांबलं नाही. तिला वाटलं आपण उठून उभं राहावं. बाईने चालता चालता टोपली एका हाताने जरा सावरली. दगड मागे पडला.

"आई," उर्वी कुजबुजली, "तो लाइन कुठे आहे?"

"आत्ताच गेली की," सुप्रभा म्हणाली. "बघितली नाहीस?"

बाई वर पोचली होती. पहिल्या पायरीवर चढून तिने टोपली उतरवली आणि राख मातीत ओतली.